चोरीला गेलेली भेग

१

चौथीच्या वर्गातली भेग चोरीला गेली, आणि नेमकी ज्या दिवशी दुपारी तपासणीचे साहेब ती पाहायला येणार होते त्याच दिवशी सकाळी ती गेल्याचं उघडकीला आलं.

ऐकणाऱ्याला हसू येईल. लोकांच्या चपला जातात, सायकली जातात, भिंतीची भेग कोण चोरतं? पण वर्गाच्या दारात उभ्या असलेल्या पाचजणांपैकी एकालाही हसू आलं नाही. शनिवारी कुलूप लावलं तेव्हा छताच्या कोपऱ्यातून निघून खिडकीच्या चौकटीपर्यंत उतरलेली, वरच्या टोकाला बोट जाईल एवढी रुंद भेग त्यांनी सगळ्यांनी पाहिली होती. आता सोमवारच्या उन्हात तिथे फिकट पिवळी, गुळगुळीत भिंत होती. कुलूप शाबूत होतं.

"देवा रे," असं मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी दाराची चौकट धरली. मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. चौथीला शिक्षकच नव्हता. रिकामी जागा सरकारने भरली नव्हती, म्हणून हा वर्गही त्याच शिकवायच्या.

पालक संघाच्या अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं आणि आवाज सभेचा होता. ते ओरडले, "हे काम आतल्या माणसाचं आहे!" ओरडताना ते बघत होते रंगाऱ्याकडे. रंगाऱ्याचा मुलगा चौथीत होता. कुलपाची किल्ली कमरेला लावणारे शिपाईमामा खाली मान घालून उभे होते.

पाचवी होती विमाबाई. तिचं काम विमा कंपनीत. दुकान जळलं, गोदाम भिजलं, गाडी ठोकली की कंपनी तिला नुकसान बघायला पाठवायची. माणसं राईचा पर्वत करतात, जुनं मोडकं नवं म्हणून दाखवतात, स्वतःच काडी लावून छाती पिटतात, हे तिला पाठ होतं. पण झालेलं नुकसान कुणी लपवलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं.

तिची मुलगी ठमी चौथीत होती. पंधरवड्यापूर्वी विमाबाईनेच त्या भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली होती. भिंत हलली की अशी पट्टी तडकते. पट्टी आठवडाही टिकली नाही, तेव्हा पालकांनी हट्ट धरून वर्ग रिकामा करवला आणि चौथीची मुलं शेजारच्या तिसरीत दाटीवाटीने बसू लागली. आता पट्टीही नव्हती आणि भेगही. साहेब येतील, छान भिंत बघतील, आणि उद्यापासून ठमी पुन्हा या छताखाली बसेल. झाकलं म्हणून छत थोडंच थांबणार होतं?

"फोटो आहेत की आपल्याकडे," रंगारी म्हणाला.

"साहेबांनी आधीच बजावलंय," अध्यक्ष म्हणाले. "फोटो खूप पाहिले, खोटेही पाहिले. डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहिणार म्हणाले."

हे साहेब सुखासुखी येत नव्हते. सरकारचा दुरुस्ती निधी नव्या वस्तीतल्या शाळेला मिळाला, नदीपलीकडच्या शाळेला दोनदा मिळाला. इथे अर्ज केला की दर वर्षी एकच उत्तर यायचं: तपासणीत आपल्या शाळेची इमारत उत्तम आढळली आहे, निधी गरजू शाळांसाठी आहे. पालकांना वाटायचं, वरती कुणाचे तरी हात ओले होत असणार. शेवटी आईबापांनी शिक्षण खात्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर ठाण मांडलं, तेव्हा कुठे साहेब स्वतः यायला कबूल झाले.

विमाबाई आत गेली. बाक ओळीने मांडलेले होते. पुढे बुटके, मागे उंच, आणि फळ्याजवळ एकच बाक तिरका. तिने बोट जिभेला लावून भिंतीवर घासलं. पिवळा रंग बोटावर उतरला, खालून पांढरी भुकटी निघाली.

ती तिने नखावर घेतली. हातपाय मोडल्यावर बांधतात ते प्लास्टर. गावात ते औषधाच्या दुकानात मिळतं. तिने मागे वळून पाहिलं तर अध्यक्ष रुमालाने कपाळ पुसत होते.

२

आधी तिने रंगाऱ्याला बाजूला घेतलं. त्याच्यावर सगळ्यांचा संशय होता आणि त्याला ते कळतही होतं.

"ताई, माझी तीन पोरं या शाळेत आहेत," तो म्हणाला. "मी माझ्याच पोरांच्या डोक्यावर धोंडा ठेवीन का?"

"तसं नाही म्हणत मी, दादा. काम कसं केलंय ते सांगा."

रंगारी भिंतीशी गेला, डोकं तिरकं करून पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे काम आहे? भेग भरायची तर आधी खरवडून मोठी करायची, धूळ झटकायची, पाणी मारायचं, मग आत माल दाबायचा. यानं वरवर थापलंय. वर हात पुरला नाही म्हणून बाकावर बाक चढवलाय, हे बघा, पायांच्या खुणा." तो थांबला. "रंग मात्र मानला बुवा. उन्हानं उडालेली भिंत आहे ही. डब्यातला रंग असा कधी येत नाही, मलाही दुकानदाराशी भांडावं लागलं असतं. हा नुसत्या नजरेनं जुळवलाय. आणि नजरेनं जुळवायचा तर भरदिवसा, दिव्यात नाही जमत."

म्हणजे रविवारी, दिवसाढवळ्या. शाळेला सुट्टी आणि गेट बंद.

"पण हा रंग ओल्या बोटाने निघतो," ती म्हणाली.

"मग तो भिंतीचा रंगच नाही," रंगारी म्हणाला. "आणि एक सांगू? अध्यक्ष माझ्याकडे बोट दाखवतायत ना, त्यांना विचारा काल दुपारी दुकान बंद करून ते कुठे गेले होते. माझी बायको खोकल्याचं औषध आणायला गेली होती, कुलूप बघून परत आली."

३

अध्यक्ष व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. त्यांच्यामागे भिंतीवर मोठं हिरवं झाड होतं, मुळांपासून छपरापर्यंत चढलेलं. या शाळेच्या भिंतींवर अशी चित्रं ठिकठिकाणी होती. इथे झाड, दुसरीच्या वर्गात वळणं घेत गेलेली निळी नदी, तिसरीत छताला डोकं टेकणारा जिराफ. मोठ्या बाई तरुणपणी चित्रकला शिकवायच्या, त्यांच्या हातची ती. शाळेत पाऊल टाकणारा माणूस आधी या चित्रांनाच भुलायचा.

"कुठे होतात काल दुपारी?" विमाबाईने सरळ विचारलं.

"माझी चौकशी? माझी?" अध्यक्षांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "सासऱ्यांकडे. हातउसने मागायला. मोर्च्याच्या खटपटीत दुकानाकडे बघितलं नाही, माल भरायला पैसे नाहीत. हे बाहेर सांगू नका."

"प्लास्टर तुमच्या दुकानात मिळतं."

"मिळतं, पण पट्टीवर लावून आलेलं. सुटी भुकटी आता कोण घेतं? ती इथेच मिळेल, शाळेत. मुलं मुखवटे करतात ना तिची! हस्तकलेचं कपाट उघडून बघा." मग ते ओशाळं हसले. "आणि बाकावर बाक म्हणताय? अहो, मला उंचावर घेरी येते. दुकानातल्या वरच्या फळीवरचं काढायचं तर मी खाली उभा राहतो आणि बायको स्टुलावर चढते. सगळ्या गल्लीला माहीत आहे."

गल्लीला माहीत होतं, आणि विमाबाईलाही. नेत्याने हजार माणसांपुढे गर्जावं आणि स्टुलाला भ्यावं, असंही असतं.

ती हस्तकलेच्या कपाटाशी गेली. भुकटीचं पोतं अर्धं झालं होतं. पोस्टर रंगांच्या बाटल्या ओळीने होत्या. पिवळी रिकामी, पांढरी रिकामी, तपकिरी थोडीशी वापरलेली. बाटल्या धुऊन, पुसून, झाकणं लावून जागच्या जागी ठेवल्या होत्या. चोराने कपाटही आवरलं होतं.

शेजारच्या तिसरीच्या वर्गातून पाढ्यांचा गलका येत होता. तिने दारातून डोकावलं. ठमी जागा नाही म्हणून जिराफाच्या पायांशी, भिंतीला टेकून बसली होती. आईला बघून तिने हात हलवला. इथे तरी पोर सुखरूप आहे, असं मनाशी म्हणून विमाबाईने जरा श्वास घेतला.

"आई, चष्मेवाली विचारतेय, तिला तिचा तिरका बाक परत मिळणार का?" ठमी मोठ्याने म्हणाली. "इथून तिला फळाच दिसत नाही."

विमाबाईचा हात हवेतच राहिला.

४

तिने शिपाईमामांना घंटेजवळ गाठलं. ते डाव्या हाताने घंटा घासत होते.

"मामा, खोली रिकामी केली तेव्हा बाक कुठे ठेवले होते?"

"दाराशी ढीग करून. तुम्हीच सांगितलंत ना, भिंतीपासून लांब ठेवा म्हणून."

"आज ते ओळीने आहेत. चष्मेवालीचा बाकसुद्धा जसा असायचा तसा तिरका आहे."

मामांनी मान फिरवून पुन्हा घंटा घासायला घेतली.

"वर्ग भरलेला असताना बाक कसे असायचे, हे आम्हा पालकांना कुठे ठाऊक? पट्टी लावायला आले तेव्हा माझं लक्ष भिंतीकडे होतं, आणि नंतर खोली बघितली ती सगळी ढिगात. किल्ल्या दोनच आहेत. एक तुमच्या कमरेला."

मामांनी उजवा हात वर करायचा प्रयत्न केला. तो खांद्याच्या वर गेला नाही. "वर्ष झालं, असाच आहे. घंटासुद्धा डाव्या हाताने देतो. कालचा दिवस मी लेकीकडे होतो, पण तुमचा विश्वास बसत नसेल तर..."

"बसतो, मामा. म्हणूनच भीती वाटतेय."

आता मामांचे डोळे भरून आले. "मी काही पाहिलं नाही. एवढंच सांगतो. शनिवारी तुम्ही सगळे गेल्यावर शाळेच्या ऑफिसात फोन आला. मोठ्या बाई फक्त ऐकत होत्या. फोन ठेवला आणि तशाच बसून राहिल्या. मी चहा दिला, तो साय धरून गार झाला. मला म्हणाल्या, मामा, ही शाळा नसली तर या मुली जातील कुठे?"

बाहेर रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. दोघंही दचकले. पण ती गाडी पुढे निघून गेली. साहेब अजून यायचे होते.

५

मोठ्या बाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. विमाबाईने दार लोटलं. या बाईंनी तिला स्वतःलाही शिकवलं होतं.

"बाई, मी माझं काम करते तसं सांगते. चुकलं तर थांबवा," ती म्हणाली. "कुलूप मोडलं नाही, म्हणजे किल्ली होती. भुकटी आणि रंग शाळेच्या कपाटातले आहेत. रंग नजरेने जुळवलाय, तो चित्रकाराच्या हातचा. बाक मांडलेत ते तो वर्ग रोज शिकवणाऱ्याने, चष्मेवालीला विसरला नाही तो. आणि माझी काचपट्टी तडकलेली होती, पण खाली काचेचा कण नाही. मुलांच्या पायाला लागेल म्हणून कुणीतरी कोपरे हाताने पुसलेत."

मोठ्या बाईंनी टेबलाचा खण उघडला. पट्टीचे तुकडे रुमालात गुंडाळून ठेवले होते.

"मी चोर आहे असं तुला म्हणायचं असेल तर म्हण," त्या म्हणाल्या. "अर्जही मीच लिहिले होते. मला निधी नको होता असं नाही गं. पण कचेरीतल्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, बाई, धोकादायक इमारत दिसली की साहेब दुरुस्ती लिहीत नाहीत, आधी टाळं लावतात. मुलं हायवेपलीकडच्या शाळेत."

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?"

"मी ते पाहिलंय. याआधीच्या माझ्या शाळेत. आम्ही एक खोली मागायला गेलो आणि शाळाच घालवून बसलो. मुलगे गेले लांबच्या दुसऱ्या शाळेत. मुलींना कुणी पाठवलं नाही. माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर मला पुढच्या वर्षी भाजीच्या गाड्यावर दिसली. तिने मला ओळख दिली नाही." त्यांनी खण लावून टाकला. "तेव्हापासून ठरवलं. साहेब येणार म्हटलं की शाळा लख्ख करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि आमची पोरं त्या मुठीत, बाई?"

हे बोलून गेल्यावर विमाबाईलाच रडू फुटलं. राग होता, पण बाईंची मायाही कळत होती. "भेग जिवंत आहे. भिंत हलतेय. उद्या छत आलं तर कुणाला काय सांगाल? साहेबांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, भांडखोर पालक आहेत, काहीही बोलतात."

मोठ्या बाईंनी मान हलवली. "नाही जमणार मला."

फाटकाशी गाडी थांबली. या वेळी ती पुढे गेली नाही.

६

साहेब काटकुळ्या अंगाचे आणि मितभाषी होते. चौथीच्या वर्गात ते भिंतीपुढे उभे राहिले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. रंगारी नखं कुरतडत होता.

"इथेच होती म्हणता?"

"होती, साहेब," अध्यक्ष पुटपुटले.

"आता नाही. कुणी बुजवली असेल तर उत्तमच, मग निधी कशाला?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

विमाबाई पुढे झाली. "साहेब, लिहायच्या आधी एकदा इथे जवळून बघा. खिडकीच्या वर."

साहेबांनी चष्मा सारखा केला. नव्या रंगात पेन्सिलने ओढल्यासारखी एक बारीक रेघ उतरली होती. सकाळी ती नव्हती, किंवा कुणाला दिसली नव्हती.

"केसाएवढी आहे," साहेब म्हणाले. "जुन्या भिंतीला असायचीच. वर्षापूर्वी भरलेली असली तर यात विशेष काही नाही. केव्हा भरली ही?"

सगळं त्या एका उत्तरावर अडलं होतं आणि ते उत्तर एकाच माणसापाशी होतं. विमाबाईने मोठ्या बाईंकडे पाहिलं नाही. तिने खाली, तिरक्या बाकाकडे पाहिलं. शेजारच्या वर्गातून पाढे ऐकू येत होते, आणि त्या आवाजातून ठमीचा आवाज तिला वेगळा ओळखता येत होता.

मोठ्या बाई हलल्या. फळा पुसायचं फडकं त्यांनी दाराशेजारच्या बादलीत बुडवलं, पिळलं, आणि भिंतीवर हात पोचेल तिथपासून खालपर्यंत फिरवलं. पिवळा रंग ओघळत फरशीवर आला. खाली पांढरं प्लास्टर उघडं पडलं, आणि ते वरपासून खालपर्यंत मधोमध तडकलेलं होतं. त्यात नख अडकत होतं.

"काल दुपारी भरली. मीच," त्या म्हणाल्या. "एका रात्रीत उकललीये, साहेब. मला काय शिक्षा करायची ती करा, पण शाळेला टाळं लावू नका."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनी त्या तडकलेल्या प्लास्टरवरून बोट फिरवलं.

"टाळं लावायचं कुणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले. "ही खोली आजपासून बंद. पण खोली मोडकी म्हणून शाळा बंद केली तर निधी काय मोकळ्या मैदानाला द्यायचा? मी दुरुस्ती लिहून नेतो. मंजुरीसाठी भांडावं लागेल, ते तुम्ही भांडताच आहात." त्यांनी पालकांकडे पाहिलं. "इतकी वर्षं अर्ज का नामंजूर झाले, हे मात्र मला कळत नाही. दर तपासणीत 'इमारत उत्तम' असा शेरा. लिहिणारे आंधळे होते की काय?"

अध्यक्षांनी रंगाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. माफीच मागितली ती, त्यांना तोंडाने मागता येत नव्हती म्हणून. मामांनी डोळे पुसले. विमाबाईला वाटलं, सुटलो.

"निदान बाकीचे वर्ग तरी धड आहेत," साहेब दाराकडे वळत म्हणाले. "आणि चित्रं सुंदर काढलीत हो."

मोठ्या बाईंनी फडकं खाली ठेवलं नव्हतं. त्या ते पुन्हा बादलीत बुडवत होत्या. हात हळू चालत होते, आणि चेहरा असा झाला होता की विमाबाईच्या मनातला सुटल्याचा आनंद तिथेच थिजला.

झाड मुळांपासून छपरापर्यंत. नदी वळणं घेत खाली आलेली. सगळी चित्रं लांबट, अरुंद, वरून खाली. आणि शाळा लख्ख करायची ती कधी, तर साहेब येणार म्हटलं की.

"बाई," ती म्हणाली. "जिराफ?"

मोठ्या बाईंनी फडकं पिळलं. "सगळ्यात रुंद भेग तिथलीच होती," त्या म्हणाल्या. मग त्या मामांकडे वळल्या आणि वर्गात बोलायच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मामा, घंटा द्या. आधी तिसरीतली पोरं बाहेर काढा."

मामा डावा हात उचलून धावले. पण विमाबाई त्यांच्या आधीच धावत सुटली होती.